आकडा परत म्हणणारा

गुरुवार, १२ फेब्रुवारी

प्रिय मुंगी,

आजचा दिवस असा गेला. सकाळी न्हाव्याच्या दुकानाचं माप दुसऱ्यांदा घेतलं. ऑफिसात येऊन प्लॅन दुरुस्त केला आणि त्याला पाठवला. डबा खाल्ला. घरमालक जिन्यात भेटले, त्यांना खोलीबद्दल उत्तर दिलं. आता ऊन खिडकीतून आत येऊन टेबलाच्या मध्यापर्यंत पोचलंय आणि मी माझ्याच खुर्चीत बसून लिहितेय. तुझ्या बाबाची खुर्ची समोर आहे, तिच्यावर सध्या टॅबचं खोकं ठेवलंय.

तू पाठवलेला टॅब आता पुरेसा वापरून झाला. तुमची कंपनी प्लॅन काढायचा प्रोग्रॅम लॅपटॉपवर बंद करून फक्त टॅबवर ठेवायच्या विचारात आहे, तर आमच्यासारख्या माणसांचं त्यावर भागेल का आणि टॅबमध्ये काय सुधारायला हवं, असं तू विचारलं होतंस. फोनवर मी दर वेळी 'बरा आहे' एवढंच म्हणाले. तुझी आई तिथे म्हणतच असेल, की आत्याकडून वाक्य काढणं म्हणजे काँक्रीटमध्ये खिळा ठोकणं. म्हणून कागद घेतला. तू तिसरंही एक विचारलं होतंस, फोन ठेवता ठेवता. त्याचं उत्तर शेवटी देते. आधी देता येत नाही.

घरमालकांना या महिन्यात उत्तर हवं होतं, ऑफिसची खोली ठेवणार की सोडणार. तू म्हणालीस, सोड आणि आमच्याकडे ये, आई आहेच, वरची खोली रिकामी आहे. तू मनापासून म्हणालीस हे मला कळलं. पण मला आधी हे बघायचं होतं, की दोघांनी करायचं काम एकीला जमतं का. टॅब मी त्यासाठी हातात घेतला. नाहीतर तुला माहीत आहे, मला नवीन मिक्सरसुद्धा दोन वर्षं कळला नव्हता.

आम्ही काम कसं करायचो हे तू लहानपणी पाहिलंयस, पण टेबलाखालून. म्हणून तर तुझं नाव मुंगी पडलं. वरून ते असं दिसायचं. मी टेप ओढायची आणि आकडा मोठ्याने सांगायची. तुझा बाबा तो आकडा आधी परत म्हणायचा आणि मगच लिहायचा. ही रीत आमच्या वडिलांची. ते शिंपी होते. ते गिऱ्हाइकाच्या अंगावरून माप सांगायचे, 'छाती अडतीस', आणि मशीनवर बसलेली आई 'छाती अडतीस' म्हणून मग लिहायची. आई कधी स्वयंपाकघरात असली तर गिऱ्हाईक हात वर करून तसंच उभं राहायचं, पण ती आल्याशिवाय माप लिहिलं जायचं नाही. आम्ही दोघांनी कपडे सोडून घरं मोजायला घेतली, पण रीत तीच ठेवली, फक्त इंचांऐवजी मीटर आले. मी म्हणायची, 'तीन बेचाळीस.' तो म्हणायचा, 'तीन बेचाळीस.' दिवसभरात आमच्यात दुसरं बोलणं व्हायचंच असं नाही.

आता तुझ्या कामाचं. टॅब हलका आहे. डाव्या हातावर ताटासारखा धरता येतो आणि उभ्याउभ्या भिंत काढता येते. पूर्वी आम्ही जागेवर कागदावर कच्चं काढायचो, ऑफिसात येऊन तुझा बाबा ते लॅपटॉपवर चढवायचा, आणि तेव्हा कळायचं की बाथरूमच्या दाराची रुंदी घ्यायची राहिली. की पुन्हा जा. टॅबवर काय राहिलंय ते तिथल्या तिथे दिसतं. हे तुझ्या साहेबांना माझं नाव घेऊन सांग.

पण ज्या कोपऱ्याला हात लावायचा तोच कोपरा बोटाखाली झाकला जातो. त्यासाठी पेन दिलंयस, तर ते गोल आहे. जुन्या घरांच्या फरश्या कुठे ना कुठे उतरत्या असतात. एका घरात ते घरंगळत पलंगाखाली गेलं. त्या घरातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी काठीने काढून दिलं आणि म्हणाले, 'बाई, पेनाबरोबर एक काठीही द्यायला सांगा कंपनीला.' सांगितलं. काठी नको, पेनाची एक बाजू सपाट करा. आणि टॅब फार लवकर झोपतो. मी पलीकडच्या खोलीचं दार मोजून येईपर्यंत पडदा काळा झालेला असतो. मग अंगठा मागतो, आणि अंगठ्याला भिंतीचा चुना लागलेला असतो. आपल्याच पिशवीतल्या वस्तूने आपल्याला पुन्हा पुन्हा 'तुम्ही कोण' विचारावं हे बरं वाटत नाही. गच्चीवर उन्हात त्यात मला प्लॅनऐवजी माझाच चेहरा दिसतो. जुना प्लॅन आणि नवा प्लॅन शेजारीशेजारी ठेवले तर दोन्ही इतके बारीक होतात की काही वाचता येत नाही. आणि केलेलं काम कुठे ठेवलं ते सांगत नाही, फक्त 'ठेवलंय' म्हणतो. घरातली माणसं अशीच असतात, त्यांना आपण चालवून घेतो. ऑफिसात चालत नाही.

आकडे टाकताना मात्र मला लॅपटॉपच हवा. त्याच्या पाचच्या बटणावर एक बारीकसा उंचवटा आहे, तू कधी हात लावून पाहिलास का? बोटाला तो लागला की बाकीचे आकडे न बघता सापडतात. तुझा बाबा कागदाकडे बघत आकडे टाकायचा तो याच्या जोरावर. मला हे इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. तो गेल्यावर मी त्याच्या जागी बसून पहिल्यांदा टाइप केलं, तेव्हा बोटाला कळलं. काचेवर सगळे आकडे सारखेच गुळगुळीत. काचेला असा उंचवटा आणता येतो का, हे मला खरंच जाणून घ्यायचंय. तुमच्याकडे एवढी शिकलेली मुलं आहेत, विचारून बघ.

आणखी एक गोष्ट मला आधी सुचली नव्हती. लॅपटॉपला झाकण असतं, आणि ते उघडलं की टेबलाच्या मध्ये एक भिंत उभी राहते. मी अलीकडे, तुझा बाबा पलीकडे. त्यामुळे ऑफिसातला तुझा बाबा म्हणजे माझ्यासाठी कपाळ, चष्म्याची वरची कड आणि आवाज. गिऱ्हाइकंसुद्धा त्या झाकणाकडे बघून बोलायची. टॅब टेबलावर आडवा पडतो आणि माणसं त्याच्यावर वाकतात, विहिरीत वाकून बघावं तशी. परवा एक शाळेतल्या बाई आणि त्यांचे यजमान आले होते. ते म्हणाले, 'खिडकी इथे हवी.' त्या म्हणाल्या, 'तिथे उभं राहून भांडी मी घासणार की तुम्ही?' ते शूरपणे म्हणाले, 'मी.' 'मग तुम्हाला बाहेर बघायला वेळ कुठे मिळणार,' असं म्हणून त्यांनी बोटाने खिडकी सरळ आपल्याकडे ओढून घेतली. खिडकी खरंच सरकली. दोघंही हसायला लागले. लॅपटॉप असता तर ही खिडकी ठरायला आठवडा गेला असता. तेव्हा त्या बाबतीत माझं मत टॅबला.

टॅबबरोबर तू लेझरचं यंत्र पाठवलंस, त्यावरून न्हाव्याची गंमत झाली. भिंतीवर लाल ठिपका पडतो, बटण दाबलं की आकडा आपोआप टॅबमध्ये जाऊन बसतो. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस नको, लिहायला माणूस नको. कोणी म्हणत नाही, कोणी ऐकत नाही. पहिले काही दिवस मला वाटलं, संपला प्रश्न. घरमालकांना त्याच दिवशी 'ठेवते' म्हणणार होते. तेवढ्यात हे दुकान आलं. न्हाव्याला आणखी एक खुर्ची बसवायची होती आणि भिंतीतली कपाटं बदलायची होती. मी जाऊन भराभर मोजलं, घरी येऊन प्लॅन पूर्ण केला आणि परवा त्याला दाखवायला नेला. दुकानात एक गिऱ्हाईक साबण लावून बसलेलं होतं. न्हाव्याने वस्तरा पुसला, टॅबकडे बघितलं आणि म्हणाला, 'मावशी, माझं दुकान एवढं मोठं कधी झालं?' मी म्हटलं, 'म्हणजे?' तो म्हणाला, 'यात मी चार खुर्च्या टाकून मध्ये झोपाळा बांधीन.' मग त्याने एकदा माझ्या यंत्राकडे बघितलं, एकदा भिंतीकडे, आणि हसायलाच लागला. भिंतभर आरसा आहे. माझा लाल ठिपका जरा तिरका आरशावर पडला, तिथून उलटून समोरच्या भिंतीवर गेला, आणि यंत्राने येण्याजाण्याचं सगळं अंतर धरलं. दोन ऐंशीचं दुकान पाच पन्नास झालं. 'मावशी, तुम्ही आरशातलं दुकानपण मोजलंत,' न्हावी म्हणाला. साबण लावलेला माणूस म्हणाला, 'मग तिथला न्हावी रिकामाच दिसतोय, त्याच्याकडून करून घेतो मी.'

मीही हसले. पण बाहेर आल्यावर रस्त्यात थांबले. त्या दुकानात मी स्वतः उभी होते. दोन माणसं हात पसरून उभी राहिली तर भिंतींना लागतील एवढं ते दुकान. आणि तरीही पडद्यावर पाच पन्नास छापून आलं आणि मला ते खरं वाटलं. टॅबलाही वाटलं. त्याने निमूटपणे त्या मापाची भिंत काढून दिली. मला वाटलं, जमत नाही आपल्याला. घरी जाऊन तुला फोन करायचा, येते म्हणायचं. फोन हातात घेतला होता. मग म्हटलं, आधी न्हाव्याचं माप नीट करून देऊ, अर्धवट काम टाकून कुठे जायचं.

म्हणून आज सकाळी टेप घेऊन गेले. दुकान नुकतंच उघडलेलं, एकच गिऱ्हाईक. न्हाव्याने टेपचं टोक पायाखाली दाबून धरलं आणि हातांनी कात्री चालू ठेवली. मी समोरच्या भिंतीशी टेप ताणली आणि म्हटलं, 'दोन ऐंशी.' आणि थांबले. हातात टॅब होता, पेन होतं, लिहायला काही अडचण नव्हती. तरी थांबले. कात्रीचा आवाज बंद झाला. मला वाटलं, आता हा विचारणार काय झालं म्हणून, आणि मला सांगावं लागणार. पण त्याने मान वळवली नाही. म्हणाला, 'दोन ऐंशी. ऐकलं मावशी, पुढचं बोला.' मी लिहिलं. पुढचं बोलले. पूर्ण दुकान आम्ही तसंच मोजलं. कपाट किती खोल ते मोजताना तो म्हणाला, 'अठ्ठावन्न? तेवढं नसेल हो, माझा हात तिथवर जातो.' मी वाकून पाहिलं तर टेप फळीच्या कडेला अडकली होती. अठ्ठेचाळीस.

तेव्हा तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. टॅबला सगळ्यात जास्त गरज आहे ती आकडा परत म्हणण्याची. बोलून. आणि नुसतं परत म्हणून भागणार नाही, ते काम दरीसुद्धा करते. त्याने शंका घ्यायला हवी. समोरासमोरच्या भिंती जुळत नसतील, दुकान घराएवढं होत असेल, तर गप्प बसून भिंत काढू नये, विचारावं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं, की उभ्याने करायच्या कामात टॅबने लॅपटॉपची जागा जरूर घ्यावी. बसून करायच्या कामात अजून नाही. लॅपटॉपवरचा प्रोग्रॅम इतक्यात बंद करू नका. निदान माझ्या लॅपटॉपवरचा नको. त्याचं झाकण ढिलं झालंय, मागे पुस्तकांचा टेकू द्यावा लागतो, पण चालतो.

आता तिसरं. तू म्हणालीस, 'आत्या, तो बोलायला लागला तर बाबाच्या आवाजात बोलवू का? माझ्याकडे त्याचे फोनवर रेकॉर्ड केलेले पुरेसे निरोप आहेत, करता येईल.' मी तेव्हा गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवला. दूध नव्हतं. मी बरेच दिवस विचार केला. मला ते ऐकायला आवडलं असतं, हे आधी सांगते. मला आता 'ताई' म्हणणारं कोणी राहिलेलं नाही. पण त्या टॅबने तुझ्या बाबाच्या आवाजात 'पाच पन्नास' म्हटलं असतं, मुंगी. आणि मी ते लिहिलं असतं. तुझ्या बाबाने ते म्हटलं नसतं. त्याच्या परत म्हणण्याचे दोन सूर होते. एक सरळ, त्यावर मी पुढे जायची. दुसऱ्यात तो आकडा मध्येच तोडायचा, 'पाच... पन्नास?' मग मी काही न बोलता मागे जाऊन पुन्हा मोजायची. फार झालं तर म्हणाला असता, 'ताई, न्हाव्याने काय घोडे पाळलेत?' आमच्या कामात त्याचा पगार होता तो या दुसऱ्या सुराचा. जे म्हणाल ते त्याच्या आवाजात म्हणणारं काही मला जवळ नको. यंत्राला कुठलाही आवाज दे, तुझा दिलास तरी चालेल.

पण मला वाटतं तू ते माझ्यासाठी विचारलं नव्हतंस. तू विमानात होतीस तेव्हा तो गेला. तू आल्यावर विचारलंस, शेवटी काही बोलला का, आणि मी नाही म्हणाले. शेवटच्या सकाळी तो बोलला नाही हे खरंच आहे. आदल्या संध्याकाळचं तू विचारलं नाहीस आणि मला आपणहून सांगता येत नाही, तुला माहीत आहे. दवाखान्यात नर्स रक्तदाब बघायची आणि लिहिण्याआधी आकडा तोंडाने म्हणायची. तुझा बाबा डोळे मिटलेले असले तरी तो परत म्हणायचा. 'एकशे दहा, सत्तर.' ती म्हणायची, 'काका, तुम्ही पेशंट आहात की तपासनीस?' पण तिला त्याची सवय झाली. तो म्हणेपर्यंत ती पेन धरून थांबायची. त्या संध्याकाळी ती म्हणाली, 'एकशे चाळीस, साठ.' तो म्हणाला, 'एकशे... चाळीस?' तिने पट्टा सोडून पुन्हा बांधला. एकशे चार होतं. 'आता बरोबर,' तो म्हणाला आणि कुशीवर वळून झोपला. ते त्याचं शेवटचं बोलणं. चांगल्या आवाजात म्हणाला, मोजणी पूर्ण झाल्यावर म्हणायचा तसं. सकाळी नर्सने आकडा सांगितला आणि पेन धरून थांबली. खोलीत कोणी काही म्हणेना. मग मी म्हटला. तिने लिहिला. टॅबचं सगळं मी तुला फोनवर सांगितलं असतं, हे सांगण्यासाठी पत्र लिहिलं. ते निरोप तू तुझ्याजवळ ठेव आणि वाटेल तेव्हा ऐक, त्यातला तो खरा आहे. घरमालकांना मी खोली ठेवते म्हणून सांगितलं. उन्हाळ्यात तुमच्याकडे राहायला येईन, वरच्या खोलीत. आत्ता मध्येच उठून खिडकीखालची जागा मोजली, तिथे टॅबसाठी उभ्याने काम करायला एक उंच फळी बसवायची आहे. टेपचं टोक टेबलाच्या पायाखाली अडकवलं आणि टेप भिंतीपर्यंत ओढली. एक वीस, मी मोठ्याने म्हटलं. मग परत म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणताना ते जरा जास्त वाटलं, म्हणून टेप सोडली आणि पुन्हा लावली. एक अठरा. लिहिलं.

तुझीच,
आत्या